आमच्या रस्त्यावर फाटक

दोब्रोकोश, ६ जानेवारी

प्रिय सेवेरिनदादा,

पाकीट न उघडता फेकू नकोस, आत आईने पाठवलेली नाताळची पापडी आहे. नाताळच्या आदल्या रात्री शुभेच्छा देत आम्ही एकमेकींना तोडून दिली, तेव्हा तिने नेहमीप्रमाणे तुझ्या नावाचा तुकडा बाजूला काढला. मला म्हणाली, "पोस्टात टाक. तुमचं दोघांचं काय असेल ते असो, पापडीवर राग नको." मी म्हटलं, राग मी धरलेला नाही, त्याने धरलाय. तर म्हणते, "मग पत्ता तुझ्या हाताने लिही, म्हणजे त्याला कळेल." आईचं तर्कशास्त्र तुला माहीत आहे. पत्ता लिहिलाच आहे, तर म्हटलं पत्रही लिहावं. फोन तू उचलत नाहीस. नॉर्वेतला पोस्टमन मात्र मला ओळखत नाही, तो आणून देईल.

आई बरी आहे. खुब्याचं हाड जुळलं. वॉकर धरून कोंबड्यांपर्यंत जाते, त्यांना शिव्या घालते आणि ताजीतवानी होऊन परत येते. केतोही बरी आहे. हो, तिचं नाव लिहिणार. प्रत्येक पत्रात लिहिणार. जर्मनीत, ब्रेमेनमध्ये आमचं लग्न झालं त्याला सहा वर्षं झाली, तू अजून तिला "ती जॉर्जियाची" म्हणत असशील तर खुशाल म्हण, पण तिला नाव आहे.

त्या दिवशी फोनवर तू काय म्हणालास ते मला पाठ आहे. "लग्न? लग्न असतं तर आपल्या रस्त्यावर फाटक लागलं असतं. कुणी अडवली तुमची वाट? कुणीच नाही. मग कसलं लग्न?"

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. पण हे तू म्हणालास. गावातली एकही नवरी वाट न अडवता तू पुढे जाऊ दिली नाहीस. मामेबहीण इर्मिनाच्या लग्नात कोपऱ्यावरच्या क्रुसापाशी रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा लावून फाटक केलंस, दोरीला फुगे बांधलेस, डोक्यावर सीमेवरच्या शिपायाची हिरवी टोपी घातलीस आणि नवऱ्यामुलाकडे पासपोर्ट मागितलास. वोडकाच्या दोन बाटल्या वसूल झाल्याशिवाय वऱ्हाड हललं नाही. संध्याकाळी त्याच टोपीवर बसलास आणि तिची पुढची कड मोडलीस. मी तेव्हा दोरीचं दुसरं टोक धरून उभी होते, आठवतं? म्हणून लागलं मला ते वाक्य. चांगलंच लागलं.

असो. इथली हकिकत सांगते. आईचं पडणं झालं म्हणून आम्ही इकडे आलो, तेव्हाच मी ब्रेमेनचा दाखला घेऊन नोंदणी कचेरीत गेले होते. तिथे रेजिनाबाई आहे. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची, ती. तिने चष्मा लावला, काढला, परत लावला. म्हणाली, "बोग्ना, इथे एक रकाना नवऱ्याचा, एक बायकोचा. नवरा कुणाला लिहू?" केतो म्हणाली, "जी जास्त घोरते तिला." रेजिना तोंडावर हात धरून हसली. पण पंधरवड्याने लेखी नकार आला तो आलाच. असं लग्न इथल्या कायद्याच्या मूळ तत्त्वांत बसत नाही म्हणे. म्हणजे ओडर नदीच्या पलीकडे आम्ही एकमेकींच्या बायका, आणि पूल ओलांडून अलीकडे आलो की एकमेकींच्या कोणीच नाही.

आता नोव्हेंबरात लक्झेंबर्गच्या मोठ्या न्यायालयाचा निकाल आला. युरोपियन युनियनच्या एका देशात राहून तिथे रीतसर केलेलं लग्न दुसऱ्या देशाने नाही म्हणायचं नाही. तू बातम्यांत पाहिलं असशील आणि चॅनेल बदललं असशील. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच रेजिनासमोर नवा अर्ज ठेवला. ती म्हणाली, "टीव्ही मीही बघते गं. पण टीव्हीवरून नोंद करता येत नाही. वरून लेखी येऊ दे."

त्याच आठवड्यात कुणीतरी पहाटे आमच्या दारात ट्रॅक्टरभर शेण ओतून गेलं. मी दार लावून घ्यायला निघाले. आईने वॉकरवरून वाकून वास घेतला आणि म्हणाली, "इतकं मुरलेलं खत विकत मागितलं तर कोणी देत नाही." सगळं बटाट्याच्या वाफ्यात घातलं तिने. पण दादा, रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला की मी अजून उठून दाराची कडी तपासते. हे मी आईला सांगितलेलं नाही, केतोलाही नाही.

पापडी खा. ओलाव्याने मऊ पडते.

तुझी बहीण,
बोग्ना


दोब्रोकोश, १३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पाकीट परत आलं नाही. तेवढ्यावर आई खूश आहे. "म्हणजे खाल्ली त्याने," म्हणते. 

फादर घरांना आशीर्वाद द्यायला येऊन गेले. आईने सकाळपासून पांढरा टेबलक्लॉथ, मेणबत्त्या, पवित्र पाणी सगळं मांडून ठेवलं होतं, आणि केतोला तीनदा विचारलं, "तू आज कामावर नाही का जात?" केतोची सुट्टी होती. ती स्वच्छ ॲप्रन घालून भिंतीला टेकून उभी राहिली. फादरांनी प्रार्थना म्हटली, बसले आणि विचारलं, "घरात आता कोण कोण असतं?"

"मी," आई म्हणाली. "बोग्ना. आणि…"

 मी आईकडे बघत होते, केतो जमिनीकडे. 

"आणि ही पाव भाजते," आई म्हणाली.

फादरांनी ताटलीतला पाव खाल्ला, दुसरा घेतला, म्हणाले, "उत्तम भाजते." आणि जाताना दोन पाव कागदात बांधून मागून नेले. ते गेल्यावर मी आईवर भडकणार होते, पण केतो स्वयंपाकघरात एकटीच हसत होती. म्हणाली, "बोग्ना, मला आजवर लोक काय काय म्हणालेत. 'पाव भाजते' हे त्यातलं सगळ्यात चांगलं."

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. तिच्या भट्टीचं दुकान बंद होतंय. जिल्ह्याच्या गावात झाझाचं जॉर्जियन पावाचं दुकान आहे ना, ज्यात विहिरीसारखी खोल मातीची भट्टी आहे आणि केतो कमरेपर्यंत आत वाकून पाव थापते, ते. झाझा म्हातारा झाला, लेकीकडे चाललाय. जागा मोबाईलवाल्याला दिली. आणि केतोचा इथला मुक्काम त्या नोकरीच्या परवान्यावर आहे. नोकरी गेली की परवाना गेला, परवाना गेला की ती गेली.

जर्मनीत ती माझी बायको म्हणून राहत होती, कुणी नोकरी विचारली नाही. इथे ती माझी कोणी नाही. म्हणून रेजिनाच्या कचेरीतली ती एक नोंद हवी आहे मला, दादा. फ्रेममध्ये लावायला नको, केतोला या घरात ठेवायला हवी आहे.

ती जॉर्जियात, कुताइसीला परत का जात नाही, असं तू विचारशील. तिच्या भावाने निरोप धाडलाय की आलीस तर तुझ्याच भट्टीत घालीन. त्याच्यापुढे तू देवमाणूस आहेस. ही स्तुती समजू नकोस.

मी शांत आहे. काहीतरी मार्ग निघेल.

बोग्ना


दोब्रोकोश, २४ एप्रिल

दादा,

तू वाचतोस की नाही मला माहीत नाही. वाचत नसशील असं धरून लिहिणं सोपं जातं, म्हणून तसंच धरते.

आधी गंमत. ईस्टरच्या सोमवारी अग्निशमन दलाच्या पोरांनी नेहमीसारखा पाण्याचा धुमाकूळ घातला. कायेतान अजून दलाचा प्रमुख आहे, पोट वाढलंय, अक्कल तेवढीच आहे. त्याने बंबाचा पाइप आमच्या कुंपणावरून आत सोडला आणि केतोला डोक्यापासून पायापर्यंत भिजवलं. केतोला हा सण ठाऊक नव्हता. ती आत गेली आणि पिठाचं पोतं घेऊन बाहेर आली. कायेतान पुढे, केतो मागे, असे क्रुसापर्यंत पळाले. भिजलेल्या माणसावर पीठ काय चिकटतं ते तुला सांगायला नको. अख्खं गाव हसत होतं. कायेतान भुवया खरवडत म्हणाला, "वहिनी, माफी! पुढच्या वर्षी बादलीच आणतो." वहिनी म्हणाला तो, दादा. त्याच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

आणि त्याच आठवड्यात प्रांताच्या कचेरीचं पत्र आलं. जुलै संपेपर्यंत केतोने देश सोडायचा.

मागच्या पत्रात लिहिलं की मी शांत आहे. थाप होती. मी माळ्यावरून बॅगा काढल्या आणि पलंगाखाली ढकलल्या. ती गेली तर मी तिच्याबरोबर जाणार. ब्रेमेनला परत. तिथे आम्ही एकमेकींच्या आहोत. हे मी ठरवलंय, आणि आईला तोंडाने सांगायची माझी छाती होत नाही. पण तिला समजलंय. परवा बॅग ओढून उघडली तर आत, माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून, लोणच्याच्या काकड्यांची बरणी ठेवलेली होती.  वॉकरवरून वाकून, पलंगाखालून बॅग काढून, तिने माझ्यासाठी बरणी ठेवली.

आम्ही तिला बरोबर चल म्हणू शकतो. एकदा सहज म्हणून विचारून पाहिलं. "ब्रेमेनमध्ये माझ्या कोंबड्यांना कोण ओळखतं?" असं म्हणाली आणि विषय संपवला. केतो तिला सकाळी पायमोजे घालते, दादा. मला घालू देत नाही, मी ओढते म्हणे. केतो घालते तेव्हा दोघी काहीतरी कुजबुजतात आणि मी आले की गप्प होतात. हे सगळं ऑगस्टमध्ये कोण करणार?

म्हणून विचारते, आणि हे विचारायला मला फार जड जातंय. आम्ही गेलो तर तू येशील का? माझ्यासाठी नको. तिच्यासाठी.

रेजिना म्हणते, कागद वर गेलाय, वरून खाली यायचाय. जिन्याला किती पायऱ्या आहेत देव जाणे.

बोग्ना


दोब्रोकोश, १७ जून

दादा,

घाईत लिहिते. रेजिनाचा फोन आला. वरून लेखी आलं. शुक्रवारी, सव्वीस तारखेला, दुपारी बारा वाजता दोघींनी मूळ दाखला घेऊन यायचं. मी विचारलं, "म्हणजे होणार?" तर म्हणाली, "बोग्ना, मी फोनवर काही म्हणत नसते. पण बऱ्यापैकी कपडे घालून या."

आईला सांगितलेलं नाही. शेवटच्या क्षणी कुठला तरी शिक्का राहिला असं निघालं, तर तिचं तोंड बघायची माझी तयारी नाही. बँकेत जातोय असं सांगणार आहोत. केतोलाही म्हटलंय, कुणाजवळ बोलू नकोस. ती म्हणाली, "मी कुणाजवळ बोलू? मी तर पाव भाजते."

तुला का सांगते? कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि तू उत्तर देत नाहीस. तुझ्याइतकं सुरक्षित माणूस मला सध्या मिळायचं नाही.

झालं तर लिहीन.

बोग्ना


दोब्रोकोश, २८ जून

दादा, अरे दादा,

झालं!

कुठून सुरू करू कळत नाही. हात अजून पिठाचे आहेत, पत्रावर डाग पडले तर समजून घे.

शुक्रवारी बँकेत जायचं म्हणून निघालो. बँकेत जायला केतोने निळा ड्रेस घातला आणि मी इस्त्रीचा शर्ट. आईने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बँकवाल्यांना आनंद होईल." केतोने रेजिनासाठी म्हणून पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत चाचा भरून घेतली होती. तुला चाचा ठाऊक नसेल. द्राक्षांच्या चोथ्याची दारू. केतोचे मामा गाळतात आणि ट्रकवाल्यांच्या हाती पाठवतात. एका घोटात माणसाला आपले पूर्वज दिसतात.

रेजिनाने सोन्याची साखळी घातली होती, जी ती फक्त लग्नं लावताना घालते. तेवढ्यानेच मला रडू फुटायला आलं. दाखला घेतला, भाषांतर पाहिलं, बराच वेळ टाइप करत बसली. मग चष्म्यावरून बघून म्हणाली, "दरम्यान ठरलं का, जास्त कोण घोरतं?"

"ही," केतो म्हणाली.

"लिहायचं नाहीये. मला आपलं कुतूहल होतं."

प्रिंटर अडकला. दादा, मी तेव्हा देवाला जे बोलले ते फादरांना सांगण्यासारखं नाही. मग एकदाचा कागद बाहेर आला. हिरवट रंगाचा, गरम गरम, वर आपल्या देशाचा गरुड. खाली माझं नाव, तिचं नाव. ब्रेमेन, तारीख. रेजिनाने शिक्का मारला आणि तो इतक्या जोरात मारला की कपातला चमचा वाजला. उठून आमच्याशी हात मिळवला, आणि मग टेबलाला वळसा घालून आली आणि मला मिठी मारली. चाचा मात्र घेतली नाही. "कचेरीत मी एक चॉकलेटसुद्धा घेत नाही. घेऊन जा." म्हणून बाटली गाडीतच राहिली. हे लक्षात ठेव.

तिथून सरळ प्रांताच्या कचेरीत गेलो. तिथला मुलगा कागद घेऊन आत गेला, बाहेर आला, आणि केतोच्या पासपोर्टात शिक्का मारून दिला. आता ती माझी बायको म्हणून अर्ज करून इथे आहे. जुलैची ती तारीख गेली. कार्ड यायचं तेव्हा येईल, पण तिला आता कोणी हलवू शकत नाही. केतो बाहेर येऊन पायरीवर बसली आणि तिने बूट काढले. म्हणाली, "पाय सैल झाले." आम्ही दोघी तिथे बराच वेळ बसलो होतो. मला भूकसुद्धा लागली, किती महिन्यांनी.

संध्याकाळी घराकडे निघालो. मी गाडी चालवत होते. क्रुसाच्या कोपऱ्यावर वळले, तर रस्त्यात ट्रॅक्टर आडवा. त्याच्यापुढे सात-आठ माणसं उभी.

 शेणच आठवलं मला. वाटलं, कचेरीतून बातमी फुटली, आणि आता नुसतं शेण नाही. केतोला म्हटलं, "काच वर कर." गाडी मागे घ्यायला गेले, तर मागून कायेतानच्या पोराने दुसरा ट्रॅक्टर आणून लावला. मागचं चाक चरात उतरलं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, कागद मिळाला आणि संध्याकाळही उलटली नाही तोच हे आलं.

मग ट्रॅक्टरसमोरून एक माणूस पुढे आला. डोक्यावर हिरवी टोपी, हात वर. "थांबा! सीमा आहे! कागदपत्रं!"

केतोला मी हा प्रकार कधी सांगितला नव्हता. आपल्याकडे वाट अडवतात हे तिला कसं माहीत असणार? तिने आयुष्यात ज्या ज्या सीमा पाहिल्या, तिथे टोपीवाल्याने मागितलं की द्यायचं आणि मान खाली घालायची. ती पांढरी पडली. पर्समधून खरा पासपोर्ट काढला, नोकरीचा जुना परवाना काढला, विम्याचं कार्ड काढलं, सगळं खिडकीतून बाहेर धरलं आणि म्हणाली, "शिक्का आजचाच आहे साहेब, चौथ्या पानावर बघा."

टोपीखाली कायेतान होता. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. हातातले कागद त्याला निखाऱ्यासारखे वाटले बहुतेक. "अहो वहिनी, नको, नको! ठेवा ते! तसं नाही…" मग माझ्याकडे वळून ओरडला, "बोग्ना, हिला सांगितलं नाहीस होय गं? अगं, घाबरली की ती!"

तेव्हा मला दोरी दिसली. दोरीला फुगे होते, दादा. आणि कागदाची फुलं, आणि मधोमध, का कोण जाणे, रबरी बूट. दोरीचं एक टोक इर्मिनाच्या हातात होतं.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. मोठ्याने रडले, इतके दिवसांचं सगळं एकदम. केतो मला विचारत होती, "काय झालं? पकडलं का आपल्याला?" मी म्हटलं, "नाही गं. आपलं लग्न आहे." तिला काही समजलं नाही. मी रडत रडतच सांगितलं की इथे नवरीची गाडी अडवतात, नवरीचीच अडवतात, दुसऱ्या कुणाची नाही.

तिने कायेतानच्या हातातले कागद परत घेतले. मग पासपोर्ट पर्समध्ये टाकला, केस नीट केले आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "काय हवंय रे शिपाया?"

"लग्नाचा कागद!" कायेतान छाती काढून म्हणाला. "कागदाशिवाय नवरी आत सोडत नाही!"

आणि माझ्याजवळ कागद होता. विचार कर. इथे आल्यापासून मी ज्या ज्या खिडकीपुढे उभी राहिले तिथे हाच तर मागितला मला, आणि तो नव्हता. या शुक्रवारी, पहिल्यांदा, कुणीतरी मागितला आणि मी तो काढून दिला. कायेतानने तो लांब धरला, चष्मा नव्हता त्याच्याकडे, आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा वाचला. माझं नाव, तिचं नाव. केतोच्या आडनावापाशी तीनदा ठेच लागली त्याला. शेवटी "शिक्का आहे!" असं ओरडला आणि सगळ्यांनी टोप्या उडवल्या.

"आता जकात," तो म्हणाला. "बाटली काढा."

वोडका कुठली गाडीत? नवरीची गाडी कधी रिकामी निघत नाही, हे आपल्याकडचं शेंबडं पोर सांगेल. पण मी नवरी आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं ना. मी बँकेत निघाले होते. सगळे कुजबुजायला लागले, "नवरी आणि बाटली नाही?" मग केतोने मागच्या सीटवरून ती प्लास्टिकची बाटली काढली. कायेतान हसला. "पाणी पाजता का आम्हाला?" म्हणाला आणि चांगला मोठा घोट घेतला.

दादा, तो खाली बसला. रस्त्यावरच बसला. डोळ्यांतून पाणी. बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आला, "जाऊ द्या यांना… उघडा… उघडा फाटक."

चरातून गाडी त्यांनीच उचलून काढली. मी खाली उतरून कायेतानला विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं? रेजिनाने?"

"रेजिना मेली तरी सांगायची नाही," तो म्हणाला. आणि डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली.

तिची पुढची कड मोडलेली होती.

"दलाच्या कपाटात होती," कायेतान म्हणाला. "किल्ली पंपामागे असते हे दोघांनाच माहीत, मला आणि टोपीवाल्याला. सोमवारी त्याचा फोन आला नॉर्वेहून. हॅलो नाही, काही नाही. म्हणाला, आमच्या रस्त्यावरून शुक्रवारी नवरी जाणार आहे, आणि तुम्ही काय झोपा काढताय? म्हणाला, मागेही एक ट्रॅक्टर लावा, ती पळायला बघेल."

मी पळायला बघितलं, दादा. तू मला किती ओळखतोस रे.

घरी आलो, तर आई दारात. वॉकर बाजूला ठेवलेला, एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात ताट, ताटात पाव आणि मीठ, नवरीला घरात घेतात तसं. तिला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही, तूच सांगितलं असशील. पाव केतोनेच सकाळी भाजलेला होता. आई म्हणाली, "किती वेळ लावलात, हात दुखला माझा." पाव आधी केतोला दिला. मागून गाव गोळा झालं होतं, त्यांच्यात फादरही होते, तेही कुठूनतरी आले होते. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "फादर, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं होतं. ही पाव भाजते. आणि ही माझी सून आहे."

फादर म्हणाले, "पाव उरलाय का?"

केतोने आईचा हात धरला आणि तिला आत नेऊन बसवलं, आणि दोघी नेहमीप्रमाणे कुजबुजायला लागल्या. बॅगा मी काल परत माळ्यावर टाकल्या. बरणी उघडली, काकड्या वऱ्हाडाने संपवल्या. केतो आता आपल्या कोठारात मातीची भट्टी घालायचं म्हणते. आईने जागा दाखवलीसुद्धा, कोंबड्यांच्या शेजारी, म्हणजे त्यांना ऊब मिळेल.

टोपी मी पुसून खुंटीला टांगली आहे, तुझ्या जुन्या कोटाशेजारी. चाचाची अर्धी बाटली राहिली होती, ती कायेतान मागत होता. मी दिली नाही. फाटक ज्याने लावलं त्याचा वाटा त्याच्याच हातात द्यायचा, हा नियम तूच सगळ्यांना शिकवलास. आणि तो पोस्टाने पाठवता येत नाही. मी चौकशी केली.

तुझीच,
बोग्ना